दीड तोळ्याला थोडी कमी

पोवई नाक्यावरच्या त्या दुकानात
मी रजिस्टर लिहायचो:
नाव, लायसन्स नंबर, बोअर, काडतुसं किती.
कशासाठी, असा रकाना नव्हता.
ते हातिमभाई तोंडी विचारायचे.

"भेकर? मग रायफल कशाला, भाई?
शेळीएवढा जीव. करवंदीच्या जाळीत भुंकतो,
तीस पावलांवर दिसतो न दिसतो.
बारा बोअर ने, एल.जी. ने, आणि जवळ जा.
तीनशे पंधराने मारलंस तर घरी काय नेशील,
कातड्यात गुंडाळलेला चिखल?"

सांबर म्हटलं की मात्र स्टुलावरून उठायचे.
वरच्या फळीवरून दोन खोकी काढून
काचेवर दोन गोळ्या उभ्या करायचे.
एक टोकापर्यंत मढवलेली, सॉलिड:
हाड फोडते, पार जाते, थांबत नाही.
दुसरीच्या टोकाला शिसं उघडं,
नख दाबलं तर उमटेल इतकं मऊ.
सॉफ्ट नोज. आत शिरली की फुलते.
"फुलते" हा शब्द ते हळू म्हणायचे,
दुकानात लहान मूल असल्यासारखा.

गिऱ्हाईक ग्रेन विचारायचं.
हातिमभाई मला शेजारच्या पोतदाराकडे पिटाळायचे
काटा आणायला.
गोळी एका पारड्यात, गुंजा दुसऱ्यात:
दीड तोळ्याला थोडी कमी.
"एवढं सोनं घालून तुझी बायको लग्नाला जाते.
एवढं शिसं तुला सांबराच्या अंगात घालायचंय.
कुठे, ते इथूनच ठरवून जा."

पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात.
मला आजही झोपेत सांगता येईल.
आयुष्यात एकदाही मी चाप ओढलेला नाही.

त्या माघात खडकीहून माल आला नाही.
आरफळचे भोईटे जीप चालू ठेवूनच आत आले.
सॉफ्ट नोज नव्हत्या. सॉलिड होत्या, वीस.
हातिमभाई म्हणाले, आठ दिवस थांबा.
भोईटे म्हणाले, जनावराला काय कळतंय
शिसं का तांबं.
मी लिहिलं: तीनशे पंधरा, नग दहा.
शाई टिपकागदाने टिपली.

सहाव्या दिवशी धाकू झोरे चालत आला,
बामणोलीकडून, कासच्या सड्यावरून,
घोंगडीत कातडं गुंडाळून.
काउंटरवर पसरलं त्याने, केसांची बाजू खाली.
दोन भोकं. दोन्ही सारखी.
माझी करंगळी दोन्हींतून गेली.

"मादी व्हती," धाकू म्हणाला.
"गोळी लागली आन् नुसती बगत ऱ्हायली.
मग चालाय लागली.
सायब सांजच्याला माघारी गेलं.
म्या दोन दिस तिच्या मागं.
रगात तरी किती, पानाआड एक थेंब,
मग कासराभर कायच न्हाई.
शेवटाला वढ्यात गावली, पाण्यात उभी.
बसली न्हाई. उभीच व्हती."

कुणी काही बोललं नाही. बाहेर मेढ्याची एसटी
भरायला लागली होती, कंडक्टर ओरडत होता.
हातिमभाईंनी धाकूला चहा पाजला.
कातड्याचे पैसे देऊ केले. त्याने घेतले नाहीत.
नाक्यापर्यंत जाऊन परत आला आणि घेतले.

उरलेल्या दहा सॉलिड
कागदात बांधून तिजोरीत गेल्या.
रजिस्टरात त्या मी दर महिन्याला शिल्लक दाखवायचो.

कायदा पुढे आला, बहात्तरला.
लोक म्हणतात, शिकार त्याने थांबली.
असेल. आमच्याकडे त्याच्या आधीच
कुणी "हरणासाठी" म्हणालं की हातिमभाई
फळीकडे न बघता सांगायचे, माल नाही.
फळी भरलेली असायची.

परवा निवडणूक लागली म्हणून
पुतण्या सासऱ्यांची रायफल ठाण्यात जमा करून आला.
जेवताना म्हणाला, काका, तुम्ही दुकानात होतात ना,
तीनशे पंधराची गोळी केवढी असते हो?

मी भाताचा हात धुतला, पुसला,
आणि करंगळी पुढे केली.